चव पाहून आण

गुपचुपवाला पुऱ्या मोठ्या करून राहिला, अशी माझी वर्षभर पक्की समजूत होती. अमरावतीत आमच्या चौकातल्या पाणीपुरीच्या गाडीवर मी पुरी उचलायचो, तोंडाशी न्यायचो आणि ती दारातच अडकायची. सगळं पाणी शर्टावर. एकदा मी त्याला झापलं, "काय बे, पुऱ्या हायेत का गडवे?" तो शांतपणे म्हणाला, "साचा तोच हाय जी सर, बदलला नाई." मी गाडी बदलली. दुसऱ्या गाडीवरही तेच. तेव्हा मी घरी येऊन जाहीर केलं की अमरावतीचे सगळे गुपचुपवाले एकमेकांना सामील आहेत.

बायकोच्या ठेच्यावरही माझा असाच संशय होता. मिरची तीच, लसूण तोच, पण घास घेतला की गालाच्या आत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. "तू तिखट वाढवलं," मी म्हणायचो. मंदा म्हणायची, "वाढवलं नाई. तुमी म्हातारे होऊन राहिले." हळूहळू माझा भाकरीचा घास लहान झाला, जांभई अर्ध्यावर अडू लागली, केळं मी चाकूनं कापून खाऊ लागलो आणि वर त्याला शिष्टाचार म्हणू लागलो. आपलंच तोंड लहान होत चाललंय, हे काही डोक्यात आलं नाही. जग मोठं होतंय असं मानणं सोपं होतं.

मी मराठीचा शिक्षक. भातकुली तालुक्यातल्या एका शाळेत वीसेक वर्षं शिकवतो आहे. पण माझा खरा जीव नाटकात. स्नेहसंमेलन म्हटलं की लेखक मी, दिग्दर्शक मी, पडद्यामागून वाघाची डरकाळी मारणाराही मीच. आणि मी खर्रा खायचो. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा, त्याची पुडी बांधायची आणि चिमूट गालात ठेवून द्यायची. आमच्याकडे लग्नात, मयतीत, बसस्टँडवर आणि शिक्षकांच्या खोलीत तो सारख्याच प्रेमानं फिरतो.

ज्यांच्या जिभेला अलीकडे तिखट झोंबू लागलंय आणि ज्यांच्या घरातलं पोर जेवताना गाल धरून बसतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शहाणपण सांगायला नाही. ते माझ्यापाशी असतं, तर लिहायची वेळच आली नसती.

दीड बोट

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. दातांच्या दोन तरुण डॉक्टर आणि एक समुपदेशक ताई आल्या होत्या. आठवी ते दहावीच्या मुलांचं तोंड तपासायचं, कोण काय खातं ते एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं, आणि ज्याला गरज आहे त्याला मदत लावून द्यायची, असा बेत होता. मुलं लाजत होती. तोंड उघडायला कोणी पुढे येईना.

त्यातल्या एक डॉक्टर म्हणाल्या, "एखादे शिक्षक करून दाखवतील का?"

आता मला असं कोणी म्हणायचा अवकाश. मी दोन पायऱ्या एकदम चढून व्यासपीठावर. "पोट्टेहो! आता तुमाले सिंहाचा जबडा दिसनार हाय!" टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायची. ती सहज गेली पाहिजेत. मी बाही सरसावली, बोटं उंच धरून सगळ्यांना दाखवली, आणि घातली.

दीड बोट गेलं.

मी पुन्हा प्रयत्न केला. डोळे वटारले, मान मागे टाकली. दीडच. मुलं खदाखदा हसली. त्यांना वाटलं, सर नाटक करून राहिले. मीही ते तसंच राहू दिलं, दोन वेडेवाकडे चेहरे केले आणि खाली उतरलो. आयुष्यात इतका मोठा हशा मला कधी मिळाला नव्हता.

दोघी जणी हसल्या नाहीत. एक त्या डॉक्टर. त्यांनी मला बाजूला घेतलं, छोट्या बॅटरीनं गालात पाहिलं आणि विचारलं, "सर, किती वर्षं?" मी म्हणालो, "कशाचं?" त्या बॅटरी तशीच धरून उभ्या राहिल्या. मग मी म्हणालो, "कॉलेजपासून." गालात उजवीकडे, अगदी आत, एक पांढरा डाग होता. त्याचा तुकडा काढून तपासायला हवा, असं त्यांनी सांगितलं. त्या शब्द सांभाळून बोलत होत्या. कोणता शब्द सांभाळताहेत ते मला कळत होतं.

न हसलेली दुसरी होती पायल. नववीतली.

दोन पुड्या

समुपदेशक ताईंनी जाताना मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, बजावलं होतं, "खाणाऱ्या मुलांची यादी तुमच्यापुरती ठेवा. शिक्षा करू नका. एकदा शिक्षा झाली की पुढच्या वेळी एकही मूल खरं सांगणार नाही."

मॅडम वाईट नाहीत. पण यादीत अकरा नावं निघाल्यावर त्यांचा धीर सुटला. फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' असं रंगवलेलं, आणि आत अकरा! त्यांनी शेवटच्या तासाला दप्तरं तपासायला लावली. पायलच्या दप्तरात कंपासपेटीखाली दोन पुड्या निघाल्या.

"कोणाच्या ह्या?"

पायल गप्प.

"कोणी दिल्या? घरून आणल्या?"

फक्त एकदा तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाच्या दारात उभा होतो, नुकताच डॉक्टरांकडून आलेलो. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक बकरी कुंपणावरची बोरं खात होती. ती बकरी मला अजून नीट आठवते.

पुड्या माझ्या होत्या.

पायलचे वडील, गजाननभाऊ, फाट्यावर पानठेला चालवतात. शाळेपासून चांगला लांब, नियमात बसणारा. दोन वर्षांपूर्वी मी अंबादेवीच्या पायरीवर मंदासमोर शपथ घेऊन खर्रा सोडला होता. सगळ्या गावाला ते माहीत. इतकं की व्यसनमुक्तीचं पथनाट्य बसवायचं काम माझ्याकडेच आलं, आणि त्यात तंबाखू राक्षस मीच झालो. पण तालमीला सुपारी लागतेच, असं माझं शास्त्र. आता शपथ घेतलेल्या माणसानं ठेल्यावर कसं जायचं? पायल नाटकात होतीच. घरी ती बापाला घोटायला मदत करायची, इकडच्या पोरी चहा टाकतात तितक्या सहज. मी म्हणालो, येताना माझा घेऊन येत जा.

एकदा पुडीत चुना जास्त पडला, माझी जीभ भाजली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या तालमीसमोर तिला उभं केलं, खांद्यावर तलवारीसारखी पट्टी ठेवली आणि गर्जना केली, "आजपासून तू महाराजांची चव घेणारी! महाराजांच्या आधी चिमूटभर चाखायचं. चुना बरोबर असेल तरच महाराजांना द्यायचं. चव पाहून आण!" पोरं हसली. तिनंही कमरेत वाकून मुजरा केला. फार सुंदर केला होता.

ती दोन वर्षं चव पाहत होती. तपासणीत तिची दोन बोटं गेली. तिसरं नाही.

मॅडमनी निकाल दिला: तीन आठवड्यांनी शाळा समितीची बैठक, तोवर पायलनं घरी राहायचं, आणि बैठकीत तिचा दाखला हातात द्यायचा. उदाहरण घालून दिलं पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या खोलीत मी होतो. माझी जीभ तेव्हा चालत होती.

अकोला

मंदाचं माहेर अकोल्याचं. तिचा भाऊ तिथल्या एका दवाखान्याच्या जवळच राहतो, म्हणून तिथं जायचं ठरलं. आधी तुकडा काढला. मग दहा दिवस वाट.

या दहा दिवसांविषयी कोणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. माणूस सगळी कामं व्यवस्थित करतो. मी पेपर तपासले, दुधवाल्याशी पावसावर चर्चा केली. आणि मध्येच, पायमोजा घालताना वगैरे, एकदम उठून आत जायचो. आरशासमोर मी गाल ताणून डाग शोधत बसायचो. साळेबुवा, म्हणजे मंदाचा तो भाऊ, फोनवर धीर द्यायचे, "भाटवे, काई होत नाई. आमच्या शेजाऱ्याले बी असंच झालं होतं." मी विचारायचो, "आता कसे आहेत?" ते म्हणायचे, "ते वारले ना जी, पन दुसऱ्याच कारनानं."

या दहा दिवसांत पायलची आठवण यायची नाही असं नाही. यायची. पण मी स्वतःला सांगायचो, माझं काय होणार तेच ठाऊक नाही, आधी ते कळू दे. भीतीचा असाही उपयोग होतो. तिच्या आड उभं राहिलं की आपलं काही दिसत नाही.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. "अजून नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'अजून'वर त्यांनी बोट ठेवल्यासारखं केलं. गालांच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ झाली होती. ती कापून सोडवायची, डाग काढायचा, आणि पुढे जन्मभर तपासत राहायचं. मंदा बाहेरच्या बाकावर जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली, "चला, भरती व्हा. इथंबी पह्यला नंबर लागला पाह्यजे ना तुमाले."

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा दोन्ही गालांत पट्ट्या कोंबलेल्या, नाकात नळी, आणि डॉक्टरांचा हुकूम: सात दिवस एक शब्द नाही. वॉर्डाचा दिवस सकाळी साडेपाचला झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग तापमापी, मग सुई, मग नळीतून दूध, मग डाळीचं पाणी, मग पुन्हा दूध. झाडणाऱ्या मावशी माझ्यावर खूश होत्या. "हे पेशंट लय चांगले," त्या सगळ्यांना सांगायच्या, "बिलकुल बोलत नाई." शेजारच्या खाटेवर हिवरखेडचे एक आजोबा होते, त्यांच्या जबड्याचा अर्धा भाग गेलेला. ते रोज सकाळी मला हात वर करून रामराम करायचे आणि मी उलट करायचो. आमचं सगळं बोलणं एवढंच. पण ते झाल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

पाटी

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी आमच्या कलाशिक्षकांचा फोन आला. मंदानं घेतला. तब्येत विचारून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या बैठक हाय. त्या ठेलेवाल्याच्या पोरीचा दाखला लिहून तयार झाला. सरांची लाडकी होती म्हणून सांगतलं."

मंदानं मला ते जसंच्या तसं ऐकवलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी आजोबांच्या खाटेकडे पाहिलं, सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं. इथं खिडकी होती, पण बाहेर बकरी नव्हती.

लिहायला साळेबुवांच्या नातीची पाटी दिलेली होती. मी लिहिलं: मोठ्या मॅडमना फोन लाव. स्पीकरवर ठेव. मी लिहीन ते वाच. मध्ये बोलू नकोस.

"मधात बोलू नको म्हनते," मंदा म्हणाली. "जसी काई मी मधात बोलते."

फोन लागला. मी लिहिलं. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "मॅडम, पायलच्या दप्तरातल्या दोन्ही पुड्या माझ्या..." आणि ती थांबली.

"हॅलो? वहिनी?"

"माझ्या होत्या," मंदानं वाक्य पुरं केलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तळव्यानं पुसून पुढचं लिहिलं.

"मी तिला दोन वर्षं आणायला लावत होतो." मग तिचा आवाज चढला, "दोन वर्सं? मॅडम, हे मी म्हनलं, पाटीवर नाई. दोन वर्सांआधी यायनं माह्यापुढं अंबादेवीच्या पायरीवर शपथ घेतली होती! माह्या डोक्शावर हात ठेवून!"

मी पुसलं. खडूसारखी धूळ पांघरुणावर पडत होती. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं.

मंदानं ते आधी मनात वाचलं. मग हळू आवाजात, एकेक शब्द: "चव पाहून आण, असं मीच तिला सांगितलं. ती माझ्यामुळे खायला लागली. त्या दिवशी मी दारात उभा होतो आणि बोललो नाही. दाखला द्यायचा असेल तर मला द्या."

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, सर पूर्ण शुद्धीवर आहेत ना?"

"शुद्धीवर हायेत," मंदा म्हणाली. "तोंड बंद हाय म्हून खरं बोलून राहिले. आन मॅडम, आता मी माह्या मनचं बोलते. त्या पोट्टीले शाळेतून काढसान त ते कोठी जाईन? ठेल्यावरच बसन ना? अजून घोटन, अजून खाईन."

तिनं फोन ठेवला, पाटी उशाशी उलटी करून ठेवली आणि नळीतून देण्याचं दूध गाळायला घेतलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला बोलता येत नव्हतं. नर्स म्हणाली, "काय शांत जोडपं आहे!" दूध मात्र एकदाही उशिरा आलं नाही. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "त्या पोरीचं तोंड किती उघडते?" मी दोन बोटं दाखवली. ती म्हणाली, "माह्याशी खोटं बोलले त्याचं मी पाहीन मंग. आधी तिचं पाहा."

गजाननभाऊ

पायलचा दाखला फाडला गेला. माझ्यावर चौकशी बसली, स्नेहसंमेलन काढून घेतलं, आणि सगळ्या शिक्षकांसमोर मला लेखी माफी वाचावी लागली. ते योग्यच झालं. माफी वाचतानाही, खरं सांगतो, एका ठिकाणी माझा आवाज नाटकी झाला. लक्षात आल्यावर मी ती ओळ पुन्हा साधी वाचली.

त्याआधी, घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, गजाननभाऊ आले. सोफ्याच्या कडेला बसले. मंदानं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

"सर, म्या विकतो," ते म्हणाले. "म्या गुन्हेगार हाओच. घरी घोटाले म्याच बसवलं तिले. पन मले वाटे, शाळेत जाते, तथी सर हायेत, ते सुधरवतीन."

मला तेव्हा थोडं बोलता येत होतं.

"चहा घ्या," मी म्हणालो.

"नाई घेत," ते म्हणाले. पण उठलेही नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या काड्या कोन्या दुकानात भेटते?"

काड्या म्हणजे तोंड उघडावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या, आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जितक्या मावतील तितक्या, आणि सवय झाली की एक वाढवायची. दुखतं. लाळ गळते. कोणाच्याही रुबाबाला ते शोभत नाही. पायलचं लवकर सापडलं म्हणून तिला कापाकापी लागली नाही, काड्या आणि गोळ्यांवर भागलं. तपासणी अजून दोन वर्षांनी झाली असती, तर तीही माझ्यासारखी नाकात नळी घालून पडली असती.

ठेला चालूच आहे. गजाननभाऊंना दुसरं काही येत नाही. पण पायलला ते आता घोटायला बसवत नाहीत.

गुरुवार

समुपदेशक ताई आता दर दुसऱ्या गुरुवारी येतात. जुन्या प्रयोगशाळेत त्या अकरा मुलांना भेटतात. यादी भिंतीवर लागत नाही, घरी चिठ्ठी जाते ती बंद पाकिटात. मीही तिथं बसतो, शिक्षक म्हणून नाही, बारावा म्हणून. ताईंनीच बोलावलं. पहिल्या दिवशी मी मुलांना हसवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "सर, इथं कार्यक्रम नाही. काडी धरा."

पायल माझ्याशी बोलत नव्हती. येऊन दूरच्या बाकावर बसायची. तिचा राग बरोबर होता आणि तो जावा म्हणून मी काही करू नये, एवढं मला कळत होतं. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं.

मागच्या गुरुवारी ती लवकर आली. ताई अजून यायच्या होत्या. ती दारात उभी राहूनच म्हणाली, "सर, परवा एक खाल्ला."

माझ्या तोंडात तीन भाषणं तयार झाली. तिन्ही चांगली होती. मी विचारलं, "पूर्ण?"

"अर्धा थुकला. अर्धा खाल्ला."

"मग आज सांगायला का आलीस?"

"ताई म्हनल्या होत्या का सांगतलं त कोनी काढत नाई शाळेतून." ती आत आली, यावेळी जवळच्या बाकावर बसली. "तुमी? तुमी खाल्ला का मंग?"

खोली रिकामी होती. नाही म्हणणं अगदी सोपं होतं आणि ते खरंही ठरलं असतं.

"खाल्ला नाही," मी म्हणालो. "पण सोमवारी तुझ्या बापाच्या ठेल्यावर गेलो होतो. मागितला. त्यांनी दिला नाही."

तिनं दप्तरातून काड्यांचं पुडकं काढलं, रबर सोडलं आणि एकेक काडी मोजून बाकावर मांडू लागली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "बाबानं घरी सांगतलं. मले पाहाचं होतं, तुमी सांगता का नाई ते."